फुटलेल्या पत्र्यांचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका जुन्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, छपरावरचे सिमेंटचे पत्रे उतरवून त्या जागी रंगीत लोखंडी पत्रे बसवण्याचे काम एका उन्हाळ्यात आमच्याकडे आले. अशी कामे मी अठरा वर्षे करून घेत आलो आहे. मृगाच्या आधी जुने पत्रे खाली यायचे आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या आत नवे चढायचे, एवढेच त्याचे वेळापत्रक असते. या वेळी मात्र फाउंड्रीचे सुटे भाग विकत घेणाऱ्या अमेरिकी ग्राहकाची तपासणी झाली होती, आणि छपरात ॲस्बेस्टॉस हे घातक तंतुमय खनिज असल्याने ते उतरवणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी प्रशिक्षण द्यावे, धुळीच्या संपर्काचे मोजमाप करावे आणि दोन्हींची नोंद दाखवावी, अशी अट मालकांपुढे आली होती. ती अट मालकांकडून आमच्या ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून माझ्याकडे आली. साइटवर इंग्रजी कागद वाचणारा मी एकटाच होतो, एवढीच माझी पात्रता.

सिमेंटच्या पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉस असतो, बाकी बहुतांश सिमेंट. आपल्याकडे त्याच्या खाणींना नवे पट्टे देणे १९८६ पासून बंद आहे. पण पांढरा ॲस्बेस्टॉस आयात होत राहिला आणि पत्रेही विकले जात राहिले. त्यामुळे कोल्हापूरच्या माणसाला हा पत्रा धोकादायक वाटत नाही. तो उद्यमनगरातील वर्कशॉपवर, इचलकरंजीच्या मागांवर, गावाकडच्या गोठ्यावर आणि आपल्या स्वयंपाकघरावर त्याने आयुष्यभर पाहिलेला असतो. मीही पाहिलेला होता. त्यावर कोरडा ग्राइंडर चालवून भोके पाडून घेतली होती आणि उडालेली पांढरी पूड रुमालाने झटकून त्याच हाताने चहाही घेतला होता.

मला आधी स्वतः शिकावे लागले. ग्राहकाने सुचवलेला ऑनलाइन अभ्यासक्रम अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या बांधकामविषयक नियमावर बेतलेला होता. त्या नियमात ॲस्बेस्टॉसच्या कामांचे चार वर्ग आहेत. पाइपांवरचे व भट्ट्यांवरचे उष्णतारोधक वेष्टन किंवा फवारलेला लेप काढणे हा पहिला आणि सर्वांत घातक वर्ग; छप्पर, फरशी, भिंतीचे पत्रे काढणे हा दुसरा; दुरुस्ती तिसरा आणि मागची सफाई चौथा. छपराच्या कामासाठी किमान आठ तासांचे आणि हाताने करून पाहण्यासह असलेले प्रशिक्षण लागते, आणि ते कामगाराला समजेल अशा रीतीने द्यावे लागते. या शेवटच्या अटीचे वजन मला पहिल्याच दिवशी कळले.

आमच्या टोळीत चौदा जण होते. मुकादम पन्नाशीचे, हातकणंगले तालुक्यातले. सहा जण त्यांच्याच गावचे, पाच जण विजयपूरकडचे कानडी बोलणारे आणि दोघे बिहारचे. मुकादमांना सगळे मामा म्हणत, मीही तेच म्हणतो. पहिल्या सकाळी मी फुप्फुसाचे चित्र लावले, ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसे कडक करणारा आजार म्हणजे काय, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग कसा होतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत, असे सगळे सांगितले. आजार वीस ते चाळीस वर्षांनी दिसू लागतो, असे म्हटल्यावर मामा शांतपणे म्हणाले, “सायेब, चाळीस वर्सांचं नंतर बघू. पत्रा पायाखाली मोडला तर चाळीस सेकंदपन मिळत न्हाईत.” सगळे हसले. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, आणि अशा छपरावरून पडून गेलेला कोणीतरी त्यांतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. दुपारनंतर मी क्रम बदलला आणि पडण्यापासून सुरुवात केली. पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही, काम शक्य तितके खालून परांचीवरून करायचे, वर जावेच लागले तर फळ्या टाकून, जाळी बांधून आणि पट्टा अडकवून जायचे. हे आधी ठरल्यावरच ते धुळीचे ऐकायला तयार झाले. दोन्ही धोक्यांचे मूळही एकच होते: पत्रा मोडला तर माणूस पडतो, आणि पत्रा मोडला तर ॲस्बेस्टॉसचे तंतू सुटतात. अखंड पत्र्यात ते सिमेंटने घट्ट धरलेले असतात.

तंतू डोळ्यांना दिसत नाही, हे पटवणे सर्वांत अवघड गेले. मोजणीत धरला जाणारा तंतू पाच मायक्रॉनहून लांब आणि तीन मायक्रॉनहून बारीक असतो. आपला केस पन्नास मायक्रॉनहून जाड. हे आकडे फळ्यावर लिहून काही होत नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी शेडची दारे लावून घेतली, चिमूटभर तांदळाचे पीठ हवेत फुंकले आणि ते खाली बसल्यासारखे वाटल्यावर एका बाजूने जोरदार टॉर्च सोडली. प्रकाशाच्या पट्ट्यात अजून हजारो कण तरंगत होते. विजयपूरकडचा एक पोरगा पुढे येऊन त्या पट्ट्यात तोंड उघडून उभा राहिला, मग एकदम तोंड मिटून मागे सरला. मला वाटले, काम झाले. पण चहाच्या वेळी तोच पोरगा दुसऱ्याला कानडीत समजावत असल्याचे एकाने मला सांगितले: टॉर्च मारून बघायची, काही दिसले नाही तर मास्क काढायचा. माझ्या प्रयोगाने नेमका उलटा धडा दिला होता. घातक तंतू टॉर्चमध्येही दिसतीलच असे नाही. टॉर्च फक्त आपली नजर किती अपुरी आहे एवढेच दाखवते. ते पुन्हा सांगायला मला अर्धा तास लागला, आणि त्यानंतर प्रत्येक गोष्ट कानडीत कोणीतरी मला पुन्हा सांगून दाखवायची, असा नियम मी स्वतःला घातला.

डोळ्यांना दिसत नसेल तर अंदाज कसा करायचा, हा मग त्यांचाच प्रश्न आला. प्रशिक्षणाचा खरा भाग इथे सुरू झाला, असे मला आज वाटते. पुढच्या साइटवर यांच्यासोबत ना मी असणार, ना मोजण्याचे यंत्र. म्हणून काम पाहूनच संपर्काचा अंदाज बांधता आला पाहिजे: माल ठिसूळ आहे की घट्ट, तो फुटणार आहे की अखंड निघणार, ओला आहे की कोरडा, जागा उघडी आहे की बंद, आणि काम किती वेळ चालणार. ओशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या एका घनसेंटिमीटरमागे ०.१ तंतू अशी आहे आणि कोणत्याही अर्ध्या तासाच्या सरासरीने १ तंतू. सरासरी समजावायला मी फाउंड्रीच्या फळ्यावर एक उदाहरण मांडले. समजा, सकाळचे दोन तास पत्रे मोडत काम केले आणि हवेत ०.३ तंतू होते. उरलेले सहा तास नीट काम केले आणि ०.०२ होते. पहिल्याचे ०.६, दुसऱ्याचे ०.१२, बेरीज ०.७२, भागिले आठ, म्हणजे ०.०९. मर्यादेच्या आत. मामांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “म्हंजे दिवसभरातलं सगळं ह्या दोन तासांतच खाल्लं की.” मी इतकी वर्षे अभियंता आहे, पण सरासरी काय लपवते हे मला कोणी इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते. शिवाय ०.१ ही निर्धोकपणाची रेघ नाही. संपूर्ण नोकरीभर त्या पातळीवर काम करणाऱ्या हजारांमागे तिघांहून अधिक जणांना त्यामुळे कर्करोग होईल, असा ओशाचा स्वतःचाच अंदाज आहे. ते सांगितल्यावर एकाने विचारले, “मग तेवढी तरी कशाला ठेवली?” प्रश्न रास्त होता. शून्याच्या जवळ मोजणे आणि पाळणे अवघड असते, असे उत्तर मी दिले, आणि ते मलाच पुरेसे वाटले नाही.

मास्कचा भाग मला सोपा वाटला होता. तोंडाला गमछा बांधणे किंवा औषधाच्या दुकानातला निळा मास्क लावणे उपयोगाचे नाही, हे त्यांनी लगेच मान्य केले. नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धमास्क आणि त्याच्या दोन गुलाबी गाळण्या आल्या. मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का, हे पाहायला डोक्यावर टोपडे चढवून आत सॅकरिनचा फवारा मारतात. जिभेला गोड लागले तर फटीतून हवा शिरते आहे असे समजायचे. “गुळाच्या गावात गोड लागलं की नापास,” असे म्हणत सगळे एकेक करून टोपड्याखाली गेले. मिशा आड आल्या नाहीत, कारण त्या मास्कच्या कडेच्या आतच राहतात. दाढी मात्र आड आली. टोळीतील एकाने जोतिबाचा नवस बोलून दाढी राखली होती आणि त्याला दुसऱ्या फवाऱ्यालाच गोड लागले. दाढी काढ म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, आणि मास्क गळत असताना त्याला आत सोडण्याचाही नव्हता. त्याला दोरीने आखलेल्या हद्दीबाहेर पाण्याच्या आणि नव्या पत्र्यांच्या कामाला लावले. हद्दीतल्या माणसांना रोजावर जादा पैसे ठरले होते. ते त्यालाही मिळावेत यासाठी ठेकेदाराशी दोन दिवस घासाघीस करावी लागली. मिळाले, पण निम्मे.

हाताने करून पाहायचे काम आम्ही ॲस्बेस्टॉस नसलेल्या नव्या सिमेंट-फायबर पत्र्यांवर केले. चार पत्रे एका बुटक्या सांगाड्यावर बसवले आणि चौदा जणांनी ते पुन्हा पुन्हा उतरवले. नियम सांगतो की पत्रा कापायचा, घासायचा किंवा मोडायचा नाही, काढण्याआधी ओला करायचा, आणि वरून टाकायचा नाही, अलगद खाली घ्यायचा. पाणी नुसते ओतले तर पत्र्यावरून ओघळून जाते. त्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे द्रावण टाकले तर ते मुरते. त्यासाठी परदेशी यंत्राची यादी हातात होती, पण मामांनी उसावर औषध मारायचा पाठीवरचा पंप सुचवला, आणि त्याच्याइतका बारीक व हळू फवारा दुसऱ्या कशाने आला नाही. पंप नवा घेतला. तणनाशक मारलेला पंप माणसांच्या डोक्यावर चालवणे मला मंजूर नव्हते. गंजलेले हुक ग्राइंडरने उडवायची सगळ्यांची सवय होती. आता ते खालून, पत्रे ज्यावर टेकतात त्या आडव्या पर्लिनला वळसा घातलेल्या ठिकाणी, बोल्ट कटरने तोडायचे ठरले. वेळ दुप्पट लागतो. पण ठिणग्या नाहीत, भोकाभोवती पूड नाही, आणि ओल्या शेवाळलेल्या पत्र्यावर चढायचीही गरज उरत नाही. फवारलेला पत्रा किती घसरडा होतो, हे वर चढलेल्यालाच ठाऊक असते.

याच सरावात एक मोजपट्टी आमच्या हाती लागली. प्रत्येक पाळीच्या शेवटी किती पत्रे अखंड उतरले आणि किती फुटले, हे मामांनी हजेरीच्या वहीत लिहायला सुरुवात केली. ते मी सांगितले नव्हते. पहिल्या सरावात चारपैकी तीन फुटले, शेवटच्यात एकही नाही.

प्रत्यक्ष काम सुरू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बिहारचा एक मजूर परांचीवरून खाली आला आणि कोपऱ्यातल्या बंद पडलेल्या तेलाच्या भट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, “साहब, वो सफेद रस्सी।” भट्टीच्या दाराला आणि मागच्या पाइपांना जाड पांढरी दोरी गुंडाळलेली होती, एका ठिकाणी ती उसवून कापसासारखी पिंजली होती. त्याने हात लावला नव्हता. ती दोरी कशाची आहे हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते; तोवर ती ॲस्बेस्टॉसचीच समजायची. आणि तशी समजली तर ते काम पहिल्या वर्गाचे, ज्याचे प्रशिक्षण आमच्या टोळीला नव्हते आणि मलाही नव्हते. भट्टीभोवती जाड प्लास्टिक गुंडाळून तो कोपरा बंद केला आणि मालकांना लेखी कळवले. “दोरी तर हाय, हिसडून टाकू की,” असे म्हणणारे फाउंड्रीतले लोक भेटले. माझ्या आधीच्या अठरा वर्षांत मीही तेच म्हटले असते.

मोजमापासाठी पुण्याच्या प्रयोगशाळेचे दोघे जण आले. कमरेला छोटा पंप, तिथून नळी, आणि कॉलरजवळ, नाकापासून वीतभर अंतरावर, तोंड खाली केलेली पंचवीस मिलिमीटर गाळणीची डबी. पंप हवा ओढतो, तंतू गाळणीवर बसतात आणि ते पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पहिल्या दिवसाच्या दोन्ही गाळण्या वाया गेल्या: छपराच्या कैच्यांवर साठलेली फाउंड्रीची काळी धूळ पत्रे हलवताना इतकी उडाली की गाळणीवर तंतू मोजायला जागाच उरली नाही. त्यामुळे एक दिवस काम थांबवून शेड बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने आतून साफ करावी लागली. ठेकेदार चिडला. मला मात्र हे अपयश उपयोगी वाटले, कारण त्याच काळ्या धुळीत साच्यांची वाळूही होती आणि वाळूतली सिलिका फुप्फुसाला काय करते हे फाउंड्रीच्या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या खेपेचे नमुने मर्यादेच्या आत आले. अहवाल मी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवला आणि ज्यांच्या कॉलरला डबी होती त्या दोघांना त्यांचे आकडे लिहून दिले. स्वतःच्या श्वासाचा आकडा हातात घेऊन एक जण तो खिशात ठेवावा की परत द्यावा, अशा संभ्रमात उभा होता.

सर्वांत जास्त वेळा टोकावे लागले ते हवेच्या पाइपवरून. फाउंड्रीत पाळी संपली की कॉम्प्रेसरची नळी अंगावर मारून कपडे झटकण्याची जुनी रीत आहे; तिथली माणसे आपुलकीने आमच्या पोरांनाही ती नळी द्यायची. ॲस्बेस्टॉसच्या कामात याला सक्त मनाई आहे. झटकलेले तंतू तासन्‌तास हवेत राहतात, आणि कपड्यांवर राहिलेले घरी जातात. कामगाराचे कपडे धुणाऱ्या बायकांना आजार झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. हे एकदाच सांगितले आणि पुन्हा सांगावे लागले नाही. चाळीस वर्षांच्या गोष्टीला हसणारे यावर कोणी हसले नाहीत. पांढरे डगले हद्दीतच उतरवायचे, ओले करून पिशवीत भरायचे, अंघोळ करूनच बाहेर पडायचे, हे मे महिन्याच्या उकाड्यात त्यांनी पाळले. त्या डगल्यात माणूस अर्ध्या तासात घामाने निथळतो, म्हणून काम सकाळी साडेसहा ते साडेदहा एवढेच ठेवले होते.

उतरलेल्या पत्र्यांवर गावाचा डोळा होता. रोज कोणीतरी येऊन विचारायचे: भंगारवाला, शेजारच्या कारखान्याचा वॉचमन, आणि एके दिवशी खुद्द आमच्यातला एक. त्याला गोठ्यासाठी दहा पत्रे हवे होते, अखंड असलेले, आणि ते आम्ही इतक्या निगुतीने अखंड उतरवले होते की नाही म्हणायला मलाच जड गेले. पत्रे दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर इशारा लिहून, घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी रांजणगावला जाणार होते आणि त्याचे भाडे नव्या दहा पत्र्यांच्या किमतीहून पुष्कळ जास्त होते. हे गणित गोठ्यावर पाऊस गळणाऱ्या माणसाला पटवून देता येत नाही. त्याने वाद घातला नाही, फक्त दोन दिवस बोलला नाही.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली. पहिला प्रश्न आला तो हा: “सायेब, ह्या कागदावर मंडळाची पेटी मिळंल का?” बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला वर्षातल्या नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, माझ्या कागदाचा तिथे काही उपयोग नव्हता. तो दाखला ठेकेदाराकडून मिळवून दिला, आणि माझ्या मते या सगळ्या दिवसांतले सर्वांत उपयोगी काम तेच झाले. नोंदींचा प्रश्न मला अजून छळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना व खाणींना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांतले जे नंतर असेल तोवर, जपायला सांगितले. आमची टोळी जूनमध्ये फुटते, दिवाळीनंतर निराळीच जमते. चाळीस वर्षे कोणता ठेकेदार जपणार? म्हणून मी प्रत्येकाला कामाच्या तारखा, ठिकाण, माल आणि मोजमाप लिहिलेला एक कागद प्लास्टिकच्या आवरणात घालून दिला आणि आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगितले. किती जणांनी ठेवला असेल, याचा अंदाज मला करवत नाही.

ऑगस्टमध्ये मामांचा फोन आला. ते इचलकरंजीत एका मागाच्या शेडवर होते. तिथल्या मालकाने मास्क दिले नव्हते, आणि मागितल्यावर “तुमी काय अमेरिकेचे का?” असे ऐकावे लागले होते. दोघांकडे आमच्या कामाचे जुने मास्क होते, पण गाळण्या संपल्या होत्या. त्या कुठे मिळतात, हे विचारायला फोन केला होता. मी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाचा पत्ता दिला आणि काम कसे चालले आहे ते विचारले. पाऊसच एवढा आहे की पंपाची गरज नाही, म्हणाले. मग पान उलटल्याचा आवाज आला. “आज एकोणीस उतरलं, सायेब. दोन फुटलं.”